नववीची पोरं, लेव्हलची नळी आणि पुराची रेघ : झालेलं काम पुढच्या वर्गाकडून पुन्हा करून घ्यावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार. पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात माध्यमिक शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी नववीच्या बेचाळीस मुलांबरोबर ऑगस्ट ते डिसेंबर एक काम केलं. यंदा नवी नववी आली आहे आणि मुख्याध्यापक म्हणतात, चांगलं झालं होतं, तेच परत करा. माझं मन घेत नाही. का घेत नाही ते सांगण्याआधी काम काय होतं ते सांगावं लागेल. लांबेल, सांभाळून घ्या.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्याकडे असतं, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९ला ती ५७च्या वर गेली होती. वर्गात हे बोलणं चाललं असताना मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "मॅडम, आयर्विनला ४५ म्हणजे आमच्या दारात किती?"

मला सांगता आलं नाही. स्टाफरूममध्ये विचारलं, ग्रामपंचायतीत विचारलं, कुणालाच नीट सांगता येईना. जुनी माणसं म्हणायची, मारुतीच्या पायरीला पाणी लागलं की निघायचं. पण मारुतीच्या पायरीला लागतं तेव्हा आयर्विनला किती असतं, हे कुणी जुळवलेलं नव्हतं. हा मुलाचा प्रश्न होता, धड्याखालचा नव्हता, आणि उत्तर पुस्तकात नव्हतं. म्हणून तो धरला.

मुलांनी घरोघर जाऊन २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांत पाणी कुठवर आलं ते विचारलं. लोकांना फूट-इंच आठवत नाहीत. "देव्हाऱ्याच्या वरच्या फळीपर्यंत", "फ्यूजच्या पेटीला दोन बोटं कमी" असं आठवतं. काहींनी दिवाळीला रंग देताना तेवढी पुराची रेघ मुद्दाम ठेवली आहे. मुलांनी टेप घेऊन जमिनीपासून उंच्या मोजल्या आणि वहीत आणल्या. फळ्यावर मांडल्यावर सगळं विचित्र दिसायला लागलं. शेजारशेजारच्या दोन घरांत पाण्याची उंची दीड फुटानं वेगळी! पाणी असं कसं उभं राहील? दोन दिवस डोकं खाजवल्यावर एक मुलगी म्हणाली, "पाणी सारखंच आसंल, जमीनच वरखाली हाय."

मग सगळ्या मापांना एकच शून्य हवं झालं. शाळेच्या ध्वजकट्ट्याची खालची पायरी शून्य धरली. पण तिथून खालच्या आळीपर्यंत सपाटी न्यायची कशी? पुस्तकी उपाय मला माहीत होते, साधन हाताशी नव्हतं. एका विद्यार्थ्याचे वडील गवंडी आहेत, ते लेव्हलची नळी घेऊन आले. पारदर्शक नळी, आत पाणी, दोन टोकं दोन भिंतींना लावली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीत. पहिल्या दिवशीची सगळी मापं वाया गेली, कारण नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता. तो कसा ओळखायचा, बादली उंचावर ठेवून नळी हळूहळू कशी भरायची, हे त्यांनी दाखवलं. द्रवाच्या समान पातळीबद्दल मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण बुडबुड्याबद्दल एकदाही बोलले नव्हते.

नकाशा हळूहळू भरत गेला. तीन गोष्टी निघाल्या. आमच्या खालच्या आळीत पाणी नदीकडून येतच नाही, ओढ्यातून मागून येतं, तेही नदी पात्रात दिसत असताना. २०२१चं पाणी आमच्याकडे २०१९पेक्षा सव्वादोन फूट खाली होतं. आणि तिसरी गोष्ट मोजमापातली नाही. लोक वेळेवर का निघत नाहीत, हे मुलांनी विचारलं. मी धरून चालले होते की लोकांना इशारा पटत नाही. उत्तर आलं, म्हस सोडून कसं जायचं? न्यायची कुठं? माळावर वैरण कुठं?

मग मुलांनी खालच्या आळीपासून शाळेपर्यंत चालून वेळा घेतल्या. मोकळ्या हातानं, दहा किलोचं पीठ घेऊन, आजींच्या चालीनं, दाव्याला धरलेली म्हैस घेऊन. मोकळ्या हातानं नऊ मिनिटं, आजींबरोबर पंचवीस. म्हैस अनोळखी पोरानं ओढल्यावर हललीच नाही. कुठल्या गोठ्यात किती जनावरं, कुणाच्या हाताला येतात, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, अशी यादी झाली. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी नकाशा मांडला आणि वीस मिनिटांचं नाटुकलं केलं. नाटुकल्यातली म्हैस गाजली.

माझी एक चूकही सांगते. पहिल्याच आठवड्यात एका आजींकडे चार मुलं गेली, वही उघडली आणि थेट विचारलं, "तुमचं काय काय वाहून गेलं?" आजी रडायला लागल्या. मुलं घाबरून परत आली. प्रश्न कसे विचारायचे याची तयारी मी करून घेतली नव्हती. पुढच्या आठवड्यात वही न घेता मीच मुलांबरोबर त्यांच्याकडे गेले, चहा घेतला, पुराबद्दल बोललो नाही. पुढे त्यांनीच बोलावून सांगितलं.

दर शनिवारी काम झालं की लिंबाखाली अर्धा तास बसायचो. आज काय दिसलं, काय चुकलं, पुढच्या खेपेला काय वेगळं करायचं, हे वर्गाच्या एका सामायिक वहीत लिहायचं. दोन महिने "खूप मजा आली, खूप शिकायला मिळालं" हेच येत होतं. ऑक्टोबरात एकानं लिहिलं, "आम्ही टेप सैल धरला म्हणून चार इंच जास्त आले. परत मोजलं पाहिजे." ते वाक्य वाचलं तेव्हा मला वाटलं, आता हा वर्ग शिकायला लागला. हात चालतात ते दिसतं, पण खरं काम त्या अर्ध्या तासात होतं अशी माझी खात्री झाली आहे. याच्या दोन वर्षं आधी आम्ही शंभर रोपं लावली होती, फोटो काढले होते, बसलो मात्र एकदाही नव्हतो. मे महिन्यात नऊ रोपं उरली आणि बाकीची का उरली नाहीत हे मुलांनी विचारलं नाही, मीही नाही.

आता माझी अडचण. उत्तर सापडलं आहे. नकाशा वर्गात लावलेला आहे. नवी नववी तेच करेल तर ती आकडे जुळवेल. प्रात्यक्षिकाची वही ताईच्या वहीवरून उतरवतात तसं होईल. नवा प्रश्न मी आणून दिला तर तो माझा प्रश्न होईल, त्यांचा नाही. अशी वर्षं तुम्ही कशी काढता?

---

दहावीची_आई

मॅडम, वाचताना भरून आलं. तरी मनातलं विचारते, राग मानू नका. माझी मुलगी यंदा दहावीला आहे, विट्याला. तिच्या शाळेतही बरेच उपक्रम असतात आणि मला प्रत्येक वेळी वाटतं की हे तास गणिताचे गेले. तुमच्या त्या मुलांचे गुण वाढले का? आम्ही शेतकरी माणसं, मुलीच्या हातात गुणपत्रिकेशिवाय दुसरं काही देता येणार नाही.

---

कृष्णाकाठ

ताई, राग कसला? तुमचा प्रश्न रास्त आहे. गुण वाढले असं मी म्हणणार नाही, तसं मोजलेलं नाही आणि एका वर्गावरून म्हणूही नये. सांख्यिकीचं प्रकरण आणि निर्देशक भूमिती यांना नेहमीपेक्षा कमी तासिका लागल्या, एवढं वहीत नोंदलेलं आहे. X-अक्ष, Y-अक्ष शिकवायला गावाचा नकाशा समोर होता. शनिवारची सकाळची शाळा आणि कार्यानुभवाची तासिका, एवढ्याच वेळात काम केलं. गणिताचा एकही तास घेतला नाही आणि संध्याकाळी कुणाला थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर मुलीच गळल्या असत्या. दहावीच्या वर्षी मीही हे करणार नाही. नववी त्यासाठीच बरी.

---

खांबावरचा_गडी

मी खो-खो शिकवतो, सांगली शहरात. धागा आवडला पण एक गोष्ट राहिली असं वाटतं. अनुभवातून शिकणं म्हटलं की सगळ्यांना सर्वेक्षण आणि प्रकल्प आठवतो. मैदान कुणाला आठवत नाही. आणि परीक्षा आली की पहिली तासिका खेळाचीच कापतात, हे गेली वीस वर्षं बघतोय.

खो-खोत आठ गडी पाटीवर आलटून पालटून तोंडं करून बसतात आणि नववा समोरच्या संघाच्या गड्यामागं पळतो. या पाठलाग करणाऱ्याला खांब गाठल्याशिवाय मागं फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडं जाता येत नाही. बसलेल्यांतून गेलेल्या गड्याला धरायचं तर योग्य जागी योग्य क्षणाला खो द्यायचा, म्हणजे स्वतः थांबायचं आणि दुसऱ्याला उठवायचं. चौदा वर्षांच्या जोरदार पळणाऱ्या पोराला हे पटवायला दोन वर्षं लागतात. तो खो देत नाही, त्याला वाटतं मीच धरीन. तुम्ही लिंबाखाली बसता तसं आम्ही सामना झाला की मध्यपाटीवर गोल करून बसतो. वही नसते. एकच विचारतो, खो कुठं उशिरा दिला? प्रत्येकानं स्वतःचा सांगायचा, दुसऱ्याचा सांगायचा नाही. हरलेल्या सामन्यानंतर हे जड जातं, पण जिंकल्यावर त्याहून जड जातं, कारण जिंकल्यावर कुणाला चूक आठवायची नसते.

तेव्हा लिहायलाच पाहिजे असं नाही बाई. ज्या पोरांचा हात लिहिण्यात चालत नाही त्यांचं बोलणं ऐका.

---

कृष्णाकाठ

सर, हे मनापासून घेते. आमच्या वहीत लिहिणारे तेच आठ-दहा हात होते. बाकीच्यांचं बोलणं मी ऐकलं, पण नोंदवलं नाही. "स्वतःचा सांगायचा, दुसऱ्याचा नाही" हा नियम उद्यापासून आमच्या वर्गात.

---

बोर्डिंगचा_विद्यार्थी

वय वर्षे एकाहत्तर. मी सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकलो. संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील, आमचे अण्णा, १९५९ साली गेले, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही, पण ज्यांनी मला शिकवलं ते त्यांच्या हाताखाली घडलेले होते. १९१९ साली कराडजवळ काल्याला संस्था सुरू झाली, १९२४ला साताऱ्यात बोर्डिंग आलं, १९२७ला गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं नाव छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस झालं. सगळ्या जातीची मुलं एका पंगतीला बसायची, स्वयंपाक त्यांनीच करायचा, भांडी त्यांनीच घासायची. १९४०ला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, तिथली कमवा आणि शिका योजना सगळ्यांना ठाऊक आहे.

हे सांगण्याचं कारण वेगळं आहे. आम्ही पहाटे उठून मळ्यात खुरपलं, खडी फोडली, ती आम्हाला त्यातून काही अनुभव मिळावा म्हणून नव्हे. आम्हाला जेवायचं होतं आणि फी नव्हती. काम खोटं नव्हतं, म्हणून त्यातून शिक्षण झालं. आज शाळेत श्रमदान ठेवतात, दोन तास झाडू मारतात आणि घरी जातात. त्या झाडूनं कुणाचं काही अडलेलं नसतं. तुमच्या कामात मला जे खरं वाटलं ते हे, की त्या मुलाच्या दारात पाणी किती येणार हे कुणाला तरी खरोखरच हवं होतं.

आणि एक विचारतो. नळी कुणी धरली, वही कुणी धरली? आमच्या बोर्डिंगात अण्णांचा दंडक होता म्हणून पाळी सगळ्यांना होती. तो दंडक नसता तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

---

कृष्णाकाठ

काका, पहिले दोन आठवडे अगदी तसंच झालं. वही मुलींकडे, कारण अक्षर चांगलं. नळी मुलांकडे. आणि नळीत भरायला पाणी आणणारे तिघं-चौघं, ते नेहमी एकाच वस्तीतले. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. मला तिसऱ्या शनिवारी दिसलं, आणि दिसल्यावर फार वाईट वाटलं, कारण पहिल्या दोन शनिवारी मी तिथंच उभी होते. मग चिठ्ठ्या टाकून पाळ्या लावल्या. दोन पालक विचारायला आले, आमच्या पोराला बादली का दिली म्हणून. त्यांना बसवून घेतलं, नकाशा दाखवला. एक जण समजून गेले, दुसऱ्यांनी महिनाभर मुलाला शनिवारी पाठवलं नाही.

---

माणदेशी

दहिवडीकडचा आहे. आमच्याकडं पूर नाही ओ, आमच्याकडं बादलीभर पाणी नाही. :) पण तुमची नळी वाचून आमचा ए-फ्रेम आठवला. २०१६ला पाणी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप, म्हणजे गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा, झाली तेव्हा सातारा जिल्ह्यातून कोरेगाव तालुका होता, आणि कोरेगावातलं वेळू गाव पहिलं आलं. पुढच्या वर्षी आमच्या माणचाही नंबर लागला. डोंगरउतारावर सलग समतल चर खणायचे तर आधी समान उंचीची रेघ आखायला लागते. दोन काठ्या, मधे एक आडवी, वरून दोरीला दगड बांधलेला ओळंबा. ओळंबा आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर आला की दोन्ही पाय एका उंचीवर. समद्विभुज त्रिकोणाचा शिरोलंब पायाला दुभागतो हे प्रमेय मी शाळेत पाठ केलं होतं आणि तिशीत, उन्हात उभा राहून समजून घेतलं.

आता तुमच्या प्रश्नाला. आमच्या गावच्या शाळेत नववीची मुलं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गावातल्या अकरा विहिरींचं पाणी मोजतात. दोरीला वजन बांधायचं, पाण्याला टेकलं की खूण करायची, काठापासून किती ते लिहायचं. मोटर चालू असेल तर थांबायचं, पाणी सावरू द्यायचं. नववीला जलसुरक्षा विषय आहेच, त्यात हे बसतं. गेली सहा वर्षं दर वर्षीची नववी हेच करते. कुणी कंटाळत नाही, कारण विहीर दर वर्षी वेगळं सांगते. एका वर्षी पाऊस बरा झाला तरी दोन विहिरी खालीच राहिल्या. का? वरच्या अंगाला नवी बोअर मारली होती. ते मुलांनी शोधलं, आदल्या वर्षीच्या मुलांची वही होती म्हणून शोधता आलं.

म्हणजे तुमचं "पुन्हा करणं" आणि आमचं "पुढं चालवणं" यात फरक आहे. पुराची २०१९ची रेघ बदलणार नाही, खरं. पण गोठे? गेल्या वर्षीच्या यादीतली म्हातारी माणसं आज आहेत का? ओढ्यात गाळ किती साचला? त्या यादीला एक वर्ष झालं की ती खोटी होते.

---

कृष्णाकाठ

तुमची शेवटची ओळ वाचून उठून यादी काढली. दोन नावं आता नाहीत. एक कुटुंब माळावर राहायला गेलं. तीन घरांत नवी जनावरं आली आहेत, हे मला नुसतं येता-जाता बघून माहीत आहे. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही?

---

पुण्याची_मावशी

मूळची मिरजेची. माझी भाची पुण्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाच्या शाळेत आहे. त्यांच्या अकरावी-बारावीत 'क्रिएटिव्हिटी, अॅक्टिव्हिटी, सर्व्हिस' असा भाग असतो, त्याला सगळे कॅस म्हणतात. काहीतरी कलेतलं, काहीतरी शरीर हलवणारं, काहीतरी समाजासाठी. अठरा महिने, शक्यतो दर आठवड्याला, आणि त्यात निदान एक प्रकल्प महिनाभर किंवा जास्त चालणारा. त्याला गुण नसतात, पण ते पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. आणि मुलांना सतत स्वतःच्या कामावर विचार करून नोंदी ठेवायच्या असतात, तुमच्या लिंबाखालच्या वहीसारख्या.

भाचीचं पाहून सांगते, नोंद सक्तीची झाली की मुलं नोंदीसाठी वाक्यं तयार ठेवतात. "या अनुभवातून मी संघभावना शिकले." चार-चार मुलींचं तेच वाक्य. तिच्या मार्गदर्शक बाईंनी शेवटी सांगितलं की 'शिकले' हा शब्दच वापरायचा नाही, काय झालं ते लिहा. त्यानंतर वाचण्यासारखं यायला लागलं.

---

फक्त_शिक्षक

वरचं सगळं खरं आहे आणि मला आनंद आहे की कुणीतरी करतंय. पण आम्ही का करू शकत नाही तेही लिहितो. माझ्याकडे तीन वर्ग आहेत. प्रत्येक दिनाचा, सप्ताहाचा, पंधरवड्याचा उपक्रम येतो. आज कळवतात, उद्या करायचा, परवा पाच फोटो आणि अहवाल. मुलं बॅनर धरून उभी राहतात, फोटो होतो, मुलं वर्गात जातात. मला लाज वाटते, पण फोटो गेला नाही तर विचारणा होते आणि मुलं काही शिकली नाहीत तर होत नाही. वेळ नाही हे कारण अर्धं खरं आहे. अर्धं कारण असं की इतक्या वेळा खोटं करून घेतल्यावर मुलांना खऱ्या कामाला हाक मारायचा धीर राहत नाही. ती आधी विचारतात, "सर, फोटो कधी काढायचा?"

---

बोर्डिंगचा_विद्यार्थी

गुरुजी, तुम्ही हे लिहिलंत म्हणजे धीर आहे. वर्षाला एकच काम घ्या. बाकीचे फोटो देऊन टाका.

---

वर्कशॉप

पुण्याजवळ पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. कलबागांनी १९८३ साली सुरू केलेला. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीला आठवड्यातला एक दिवस चालतो. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, ऊर्जा, आरोग्य असं सगळं थोडं थोडं. मी अशा शाळेत शिकलो. आम्ही गावातल्या लोकांची कामं करून द्यायचो. माझ्या हातचं पहिलं वेल्डिंग एका काकूंच्या फाटकाच्या कडीचं होतं आणि ते आठ दिवसांत तुटलं. काकू कडी घेऊन शाळेत आल्या. परीक्षेत नापास होणं त्यापुढं काहीच नाही. दुसऱ्यांदा केलेलं अजून टिकून आहे, सुट्टीत गावी गेलो की बघून येतो.

---

मिरजकर

दप्तराविना दिवसाला आमच्या सतारमेकर गल्लीत सहावी-सातवीची मुलं आली होती. भोपळे पंढरपूरकडून येतात, ते वाळवून, कापून त्याचा तुंबा कसा होतो ते पाहिलं. छान झालं, पण दोन तासांत परत गेली. मॅडमचं वाचून वाटलं, चार मुलं महिनाभर यायला हवीत, नुसतं तार लावायला. तार लावताना कान तयार होतो, बघून होत नाही.

---

मोठी_बहीण

मी हा धागा तीन दिवस वाचतीय, आज लिहिते. नळी घेऊन शाळेत आलेले गवंडी ते माझे वडील. माझा भाऊ त्या वर्गात होता.

पप्पा त्या दिवशी घरी आले ते जेवताना गप्प होते. मग म्हणाले, त्या शाळेत मी संडास दुरुस्तीला गेलोय, कंपाउंडला गेलोय, आज पहिल्यांदा चपला काढून वर्गात गेलो. मॅडम, तुम्ही त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पोरांत खाली बसला, हे ते अजून सांगतात. भाऊ आधी वडील काय करतात विचारलं तर 'कन्स्ट्रक्शन' म्हणायचा. आता गवंडी म्हणतो.

अजून एक, तक्रार नाही पण सांगायला पाहिजे. नाटुकल्यात म्हशीचं सगळे हसले. पण आमच्याच आळीतल्या एका काकांची म्हस २०१९ला गेली होती, ते सभेतून उठून गेले. परत कराल तेव्हा त्यांना आधी विचारा.

---

कृष्णाकाठ

मला हे माहीत नव्हतं. मी उद्याच त्यांच्याकडे जाते. नाटुकलं पुन्हा होणार असेल तर त्यांनी ऐकल्याशिवाय होणार नाही. सांगितलंस, बरं झालं गं.

---

निवृत्त_पाटबंधारे

पूरनियंत्रणाच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून दोन गोष्टी.

पहिली. ध्वजकट्टा शून्य धरला ते गावापुरतं योग्य आहे. पण आयर्विनचा आकडा आणि तुमच्या गावचा आकडा थेट वजाबाकी करून जुळणार नाही. मुलांना हे जरूर सांगा. पुराचं पाणी तळ्यासारखं सपाट नसतं, नदीबरोबर उतरतं असतं. तुम्ही सांगलीच्या वरच्या अंगाला आहात, त्यामुळे त्याच वेळी तुमच्याकडची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली तर जास्त असणार. शिवाय वेळेचाही फरक पडतो. जुळवायचं तर वेळेनं जुळवा. यंदा पाणी वाढायला लागलं की मारुतीची पायरी, ओढ्यावरची मोरी, चावडीचा कोपरा अशा चार-पाच ठरलेल्या खुणांना पाणी कुठल्या दिवशी, किती वाजता लागलं ते मोठ्या माणसांनी सुरक्षित जागेवरून नोंदवायचं. मुलांनी पाण्याजवळ जायचं नाही, यात तडजोड नको. त्या वेळचा आयर्विनचा आकडा नंतर मुलांनी शेजारी लिहायचा. तीन-चार पावसाळे असं झालं तर त्या पहिल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला लागेल. गेल्या वर्षी तुम्हाला उत्तर सापडलं नाही बाई, प्रश्नाची पहिली बाजू सापडली.

दुसरी. नळीनं लांब अंतरावर चूक साठत जाते. जवळपास सरकारी बेंचमार्क, म्हणजे उंची ठरवून दिलेली खूण, असेल तर त्याच्यापासून डंपी लेव्हलनं (सपाटी मोजायची तिपाईवरची दुर्बीण) तुमचा ध्वजकट्टा बांधून घेता येईल. मग तुमचा नकाशा शेजारच्या गावाच्या नकाशाला जोडता येईल. माझ्याकडे जुनी डंपी आहे, चालू स्थितीत. स्टाफ, म्हणजे उभी धरायची मोजपट्टी, चार मीटरचा आहे. मुलांना बॅकसाइट-फोरसाइट (मागच्या आणि पुढच्या खुणेवरचा आकडा वाचणं) शिकायला एक शनिवार पुरे, ती बेरीज-वजाबाकीच आहे. आणि जिथून निघालो तिथंच परत येऊन आकडा जुळतो का पाहायचं, न जुळल्यास किती चुकलो ते लिहायचं. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

मी येऊ शकतो. राहायला सांगलीतच आहे.

---

कृष्णाकाठ

सर, तुमचं लिहिणं मी आज नव्या नववीला वाचून दाखवलं. "प्रश्नाची पहिली बाजू सापडली" इथं एकीनं हात वर केला, म्हणाली, "म्हणजे दादा लोकांचं चुकलं का?" मी म्हटलं, चुकलं नाही, राहिलं आहे. त्यावर अर्धा तास वर्ग भांडला. एक गट म्हणतो दादा लोकांची मापं आधी तपासायची. दुसरा म्हणतो जनावरांची यादी आधी, कारण पावसाळा थांबणार नाही. मी काही ठरवलेलं नाही, शनिवारी लिंबाखाली ठरवतील.

शनिवारी सकाळची शाळा, साडेअकराला सुटते. तुम्ही आठला आलात तर उन्हाच्या आधी खालच्या आळीपर्यंत होईल. आमच्याकडे तिपाई नाही, तुमच्याकडे आहे ना? मोठी बहीण, तुझ्या वडिलांना विचारशील का, नळी घेऊन येतील का? दोन्हींनी मोजून फरक किती येतो ते पोरांना बघायचं आहे.

---

निवृत्त_पाटबंधारे

तिपाई आहे. पावणेआठला पोहोचतो. स्टाफ उभा धरायला दोन उंच मुलं लागतील, आणि एक छत्री, उपकरणावर ऊन पडता कामा नये.

---

मोठी_बहीण

पप्पा येतायत. शनिवारचं स्लॅबचं काम त्यांनी रविवारवर ढकललंय. विचारतायत, नवी नळी आणू का, जुनीला बुडबुडा लवकर धरतो.